मोझर प्रयोगशाळा

मोझर प्रयोगशाळा हा नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरातील नॉर्वेजियन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचा चेताविज्ञान संशोधन गट आहे. मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर या शास्त्रज्ञ दांपत्याने १९९६ मध्ये त्याची सुरुवात केली. प्राण्याला आपण कोठे आहोत हे मेंदू कसे कळवतो, हा या गटाच्या अभ्यासाचा मुख्य विषय आहे. २००५ मध्ये येथे ग्रिड पेशींचा शोध लागला. या शोधासाठी मोझर दांपत्याला २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन ओकीफ यांच्यासह विभागून मिळाले. (हे दोघे २०१६ मध्ये विभक्त झाले, संशोधनातील त्यांची भागीदारी पुढेही सुरू राहिली.)

ग्रिड पेशींच्या शोधनिबंधावर पाच लेखकांची नावे आहेत आणि नोबेल त्यांपैकी दोघांना मिळाले. निबंधावर ज्यांची नावे लेखक म्हणून नाहीत, असे तंत्रज्ञ, प्राणिगृहातील कर्मचारी आणि यंत्रे दुरुस्त करणारे कुशल कारागीरही त्या कामाचा भाग असतात. विद्यापीठातील चेताविज्ञान प्रयोगशाळेत नेमके कोण काम करते आणि एखादा शोध किती हातांतून जातो, हे समजून घेण्यासाठी या गटाचे उदाहरण उपयोगी आहे.

पार्श्वभूमी

मे-ब्रिट (जन्म १९६३) आणि एडवर्ड (जन्म १९६२) हे दोघेही नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील भागातले. ऑस्लो विद्यापीठात मानसशास्त्र शिकत असताना त्यांना वर्तनामागील मेंदूच्या प्रक्रियांची ओढ लागली आणि ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ पेर अँडरसन यांच्याकडे गेले. अँडरसन यांचा गट हिपोकॅम्पस या मेंदूतील भागावर काम करत होता. हा भाग स्मरणशक्तीसाठी आवश्यक असून त्याच्या समुद्रघोड्यासारख्या आकारावरून त्याला हे नाव मिळाले आहे. या तरुण जोडप्याने अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत जलव्यूह उभारला. गढूळ पाण्याच्या गोल टाकीत उंदराला सोडून, पाण्याखाली लपवलेला चौथरा तो आठवणीने शोधतो का, हे पाहण्याची ही पद्धत रिचर्ड मॉरिस यांनी विकसित केली होती. १९९५ मध्ये दोघांनी पीएच.डी. पूर्ण केली. त्यानंतर त्यांनी एडिंबरा येथे मॉरिस यांच्याकडे आणि लंडन येथे ओकीफ यांच्याकडे अल्पकाळ प्रशिक्षण घेतले.

यांपैकी लंडनमधील मुक्काम पुढील कामाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ओकीफ आणि त्यांचा विद्यार्थी जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. मोकळेपणाने हिंडणाऱ्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमधील ७६ पेशींचे विद्युत संकेत त्यांनी नोंदवले होते. त्यांपैकी ८ पेशी उंदीर विशिष्ट जागी असतानाच सक्रिय होत होत्या. त्यांना पुढे स्थान पेशी हे नाव मिळाले. चालत्या-फिरत्या प्राण्याच्या मेंदूतील एकेका पेशीचा आवाज कसा ऐकायचा, हे कौशल्य मोझर दांपत्याने ओकीफ यांच्याकडे प्रत्यक्ष काम करून आत्मसात केले. असे कौशल्य शोधनिबंध वाचून येत नाही. एका प्रयोगशाळेतून दुसरीत ते माणसांबरोबरच जाते.

स्थापना

१९९६ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाने दोघांनाही मानसशास्त्र विभागात सहयोगी प्राध्यापकपद दिले. एकाच विषयातील पतिपत्नींना एकाच वेळी एकाच ठिकाणी नोकरी मिळणे विरळच, त्यामुळे पीएच.डी.नंतरचे प्रशिक्षण अर्धवट राहत असतानाही त्यांनी ती स्वीकारली. त्यांना तळघरातील जागा मिळाली. उपकरणे नव्हती, प्राणिगृह नव्हते आणि मदतनीसही नव्हते. सुरुवातीची काही वर्षे पिंजरे स्वच्छ करणे, त्यांतील भुसा बदलणे, मेंदूचे काप काढणे, तुटलेल्या तारा जोडणे ही सर्व कामे दोघांनी स्वतः केली. ही माहिती केवळ चरित्रात्मक नाही. पुढे गट वाढल्यावर जी कामे वेगवेगळ्या पदांमध्ये विभागली गेली, त्यांची जवळजवळ संपूर्ण यादीच त्यात येते.

२००२ मध्ये नॉर्वेच्या संशोधन परिषदेने उत्कृष्टता केंद्र म्हणून स्मृतीजीवशास्त्र केंद्राला दीर्घ मुदतीचे अनुदान दिले. याच विद्यापीठाच्या पूर्वसुरी अभियांत्रिकी संस्थेचे माजी विद्यार्थी आणि अमेरिकेत उद्योजक झालेले फ्रेड कावली यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून २००७ मध्ये कावली सिस्टिम्स न्यूरोसायन्स संस्था स्थापन झाली. पुढे मोझर प्रयोगशाळा या संस्थेचा भाग झाली.

कर्मचारी आणि कामाची विभागणी

विद्यापीठातील प्रयोगशाळा बाहेरून प्रमुख संशोधकाच्या नावाने ओळखली जाते, मात्र प्रमुखाचा बराचसा वेळ प्रयोगाच्या खोलीबाहेर जातो. अनुदानाचे अर्ज लिहिणे, माणसे निवडणे, विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासणे, निबंधांचे मसुदे सुधारणे आणि एखादा प्रश्न सोडून द्यायचा की त्यावर आणखी दोन वर्षे घालवायची हे ठरवणे, ही त्याची मुख्य कामे होत. यांतील शेवटचे काम सर्वांत कठीण म्हणावे लागेल.

प्रयोगांचा मुख्य भार पीएच.डी.चे विद्यार्थी वाहतात. नॉर्वेमध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. नेमणूक साधारणपणे तीन वर्षांची असते. ती चार वर्षांची असल्यास सुमारे एक चतुर्थांश वेळ अध्यापनासारख्या कामांसाठी द्यावा लागतो. शेवटी प्रबंधाचा जाहीर बचाव होतो आणि त्यात बाहेरून आलेले परीक्षक ‘विरोधक’ या अधिकृत नावाने प्रश्न विचारतात. भारतातील विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती म्हणून जे मिळते, ते तेथे निवृत्तिवेतनाच्या हक्कासह वेतन असते. हा फरक छोटा नाही.

पीएच.डी. झालेले, पण अद्याप स्थायी पद न मिळालेले संशोधक, म्हणजे पोस्टडॉक, बहुधा परदेशातून येतात आणि आपल्यासोबत एखादे तंत्र आणतात. त्यांचे करार मुदतीचे असतात. प्रयोगशाळेतील सर्वांत अनुभवी हात आणि सर्वांत अस्थिर नोकरी यांची अशी गाठ पडणे, ही जगभरच्या विद्यापीठीय संशोधनातील जुनी तक्रार आहे.

तंत्रज्ञांचे स्थान याच्या उलट असते. विद्यार्थी आणि पोस्टडॉक काही वर्षांनी निघून जातात, तंत्रज्ञ मात्र राहतात. इलेक्ट्रोड कसे वळायचे, कोणत्या यंत्राचा कोणता भाग दगा देतो, दहा वर्षांपूर्वीच्या मेंदूच्या काचपट्ट्या कोणत्या कपाटात आहेत, ही प्रयोगशाळेची स्मृती त्यांच्याकडे असते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतही ती कागदावर क्वचितच उतरते. त्यांच्याखेरीज संगणक प्रोग्राम लिहिणारे अभियंते, यांत्रिक कार्यशाळेतील कारागीर, प्राणिगृहातील कर्मचारी, पशुवैद्य आणि कार्यालयीन कर्मचारी असतात. प्राण्यांवरील प्रत्येक प्रयोगासाठी शासकीय परवानगी लागते. नॉर्वेत ती आता अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. किती प्राणी वापरले जाणार, त्यांना किती वेदना होण्याची शक्यता आहे आणि दुसरा मार्ग का नाही, हे अर्जात स्पष्ट करावे लागते.

मोझर यांच्या केंद्राचे एक वैशिष्ट्य म्हणजे २००२ पासून जोडले गेलेले अभ्यागत प्राध्यापक. त्यांत गणिती प्रतिमाने मांडणारे आलेस्सांद्रो त्रेवेस, शरीररचनातज्ज्ञ मेनो विटर तसेच ब्रूस मॅकनॉटन आणि कॅरोल बार्न्स यांचा समावेश होता. विटर पुढे ट्रॉन्डहाइम येथेच स्थायिक झाले.

एका नोंदीमागील काम

मराठीत ‘उंदीर’ या एकाच शब्दात येणाऱ्या दोन प्रयोगप्राण्यांपैकी या प्रयोगशाळेने सुरुवातीची अनेक वर्षे आकाराने मोठी जात वापरली. तिच्या डोक्यावर उपकरण पेलता येते. लहान जातीचा उपयोग पुढे, मुख्यतः सूक्ष्मदर्शकाच्या प्रयोगांत, वाढला.

काम सुरू होते ते तारांपासून. केसापेक्षा बारीक, सुमारे १७ मायक्रोमीटर जाडीच्या चार तारा एकत्र पिळून एक टेट्रोड तयार होतो. चारही तारांची टोके एकमेकांपासून किंचित दूर असतात. त्यामुळे एकाच पेशीचा संकेत प्रत्येक टोकाला कमी-अधिक तीव्रतेने पोहोचतो आणि या फरकावरून शेजारच्या पेशी वेगळ्या ओळखता येतात. टेट्रोड एका छोट्या स्क्रूच्या यंत्रणेवर बसवले जातात. उंदराला पूर्ण भूल देऊन ही यंत्रणा कवटीवर दंतवैद्यकातील सिमेंटने घट्ट केली जाते. शस्त्रक्रियेनंतर प्राणी पूर्ण बरा होईपर्यंत थांबावे लागते.

त्यानंतरचे आठवडे संयमाचे असतात. स्क्रू थोडासा फिरवून इलेक्ट्रोड एका वेळी सुमारे ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी अंतर खाली नेतात आणि मेंदूची ऊती स्थिरावू देतात. संकेत वर्धकातून ध्वनिक्षेपकाला जोडलेला असतो, त्यामुळे पेशी सक्रिय झाली की खोलीत टक्-टक् असा आवाज येतो. अनुभवी विद्यार्थी या आवाजावरूनच इलेक्ट्रोड कोणत्या थरात पोहोचला असावा याचा अंदाज बांधतो. उंदराने संपूर्ण जागेत फिरावे यासाठी जमिनीवर चॉकलेट किंवा बिस्किटाचा चुरा विखुरतात. चुऱ्याची ओढ राहावी म्हणून प्राण्याचा आहार मोजून दिला जातो आणि त्याचे वजन रोज तपासले जाते, रविवारी आणि नाताळातही. हाताळणाऱ्या माणसाला उंदीर सरावलेला असावा लागतो. बुजलेला प्राणी कोपऱ्यात बसून राहतो आणि त्या दिवसाची नोंद वाया जाते. डोक्यावरील छोट्या दिव्यांचा माग छतावरचा कॅमेरा घेतो. पेशी कधी सक्रिय झाली आणि त्या क्षणी प्राणी कोठे होता, या दोन नोंदी जुळवल्या की पेशीचा नकाशा तयार होतो.

यानंतर संकेतांची वर्गवारी येते. चार तारांवरील तीव्रता आलेखावर मांडली की ठिपक्यांचे पुंजके दिसतात. एकेक पुंजका म्हणजे एकेक पेशी असे मानून त्यांच्या सीमा आखल्या जातात. २००० च्या दशकात हे काम प्रामुख्याने माणसेच संगणकाच्या पडद्यावर, हाताने करत. त्यात व्यक्तिनिष्ठता शिरू नये म्हणून ठरावीक निकष वापरावे लागत.

प्रयोगाचा शेवट प्राण्याच्या मृत्यूने होतो. मेंदूचे सुमारे ३० मायक्रोमीटर जाडीचे काप काढून ते रंगवले जातात आणि इलेक्ट्रोडचा माग सूक्ष्मदर्शकाखाली शोधला जातो. हे काम बहुधा तंत्रज्ञांकडे असते. इलेक्ट्रोडचे टोक अपेक्षित जागेपासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले निघाले, तरी महिन्यांच्या नोंदी निरुपयोगी ठरू शकतात. शोधाची बातमी उंदराच्या धावण्याविषयी असते. त्या बातमीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे या कापांवरून ठरते.

ग्रिड पेशींचा शोध

स्थान पेशींना जागेची माहिती कोठून मिळते, हा १९९० च्या दशकाअखेरचा खुला प्रश्न होता. हिपोकॅम्पसच्या आतील जोडण्यांतूनच ती तयार होत असावी, असा एक तर्क होता. २००२ मध्ये वेगार्ड ब्रून प्रथम लेखक असलेल्या अभ्यासात या गटाने हिपोकॅम्पसमधील तो मार्ग तोडून पाहिला. तरीही पुढच्या टप्प्यावरील स्थान पेशी टिकून राहिल्या. म्हणजे माहिती दुसऱ्या वाटेने येत असणार. ती वाट शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समधून जात होती.

या भागात पूर्वीही नोंदी घेतल्या गेल्या होत्या, पण तेथील पेशी जागेविषयी अस्पष्टच संकेत देत असल्याचे दिसले होते. येथे शरीररचनेचे ज्ञान कामी आले. हिपोकॅम्पसच्या ज्या टोकाकडे स्पष्ट स्थान पेशी आढळतात, त्याला एन्टोरायनल कॉर्टेक्सचा वरचा-मागचा भाग जोडलेला असतो, हे विटर जाणत होते. पूर्वीचे इलेक्ट्रोड त्याहून खालच्या भागात गेले होते. मारियान फीन, स्टुर्ला मोल्डन, विटर आणि मोझर दांपत्य यांचा २००४ चा निबंध याच वरच्या-मागच्या भागातील नोंदींवर आधारलेला होता. तेथील एकेका पेशीची एकाच जागेत अनेक स्पष्ट सक्रिय स्थाने होती.

या स्थानांमध्ये काही शिस्त आहे का, हे लहान खोक्यात नीट कळत नव्हते, कारण त्यात मोजकेच ठिपके मावत. २ मीटर व्यासाच्या गोल रिंगणात उंदीर फिरवल्यावर चित्र स्पष्ट झाले. ठिपके समभुज त्रिकोणांच्या शिरोबिंदूंवर पडत होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती सहा ठिपक्यांचा षट्कोन होता. ही आकृती जमिनीवर नव्हती. उंदराने काहीही पाहिले तरी मेंदूतील पेशी जागेवर स्वतःची जाळी अंथरत होती. मेंदूत इतकी नीटस भूमिती अपेक्षित नसल्यामुळे गटाला सुरुवातीला उपकरणातच दोष असल्याची शंका आली. पडताळणीत अंधारातही जाळी टिकून राहिली. भिंतीवरील खुणेचे कार्ड फिरवल्यावर जाळीही फिरली. जवळजवळच्या पेशींच्या जाळ्यांमधील अंतर आणि दिशा सारखी होती, मात्र ठिपक्यांच्या जागा सरकलेल्या होत्या. ठिपक्यांमधील अंतर कॉर्टेक्सच्या वरच्या भागाकडून खाली जाताना वाढत होते.

हे निष्कर्ष ऑगस्ट २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकांचा क्रम टॉर्केल हाफ्टिंग, मारियान फीन, स्टुर्ला मोल्डन, मे-ब्रिट मोझर, एडवर्ड मोझर असा होता. हाफ्टिंग आणि फीन यांचे योगदान समान असल्याचे निबंधातच नमूद केले आहे.

श्रेयाचा प्रश्न

जीवविज्ञानातील निबंधांत नावांच्या क्रमाला अलिखित अर्थ असतो. पहिले नाव प्रत्यक्ष काम मुख्यतः करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. मधल्या नावांचे योगदान बाहेरच्या वाचकाला बहुधा कळत नाही, म्हणून अनेक नियतकालिके आता कोणी काय केले याचे स्वतंत्र निवेदन मागतात. तंत्रज्ञांचा उल्लेख लेखकांच्या यादीत क्वचित, तर शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात नेहमी आढळतो. हा परिच्छेद फार थोडे लोक वाचतात.

नोबेल पारितोषिकाच्या नियमानुसार एक पारितोषिक तीनपेक्षा अधिक व्यक्तींमध्ये विभागता येत नाही. २०१४ च्या पारितोषिकाचा अर्धा भाग ओकीफ यांना आणि उरलेला अर्धा मोझर दांपत्याला मिळाला. स्थान पेशींच्या निबंधाचे सहलेखक दोस्त्रोव्स्की आणि ग्रिड पेशींच्या निबंधाचे प्रथम लेखक त्यात नव्हते. याचे समर्थन असे केले जाते की, प्रश्न निवडणे, अनेक वर्षे त्यामागे राहणे आणि त्यासाठी संस्था उभी करणे हे प्रमुखांचे कर्तृत्व असते. ट्रॉन्डहाइमच्या बाबतीत ते खरेही आहे. तळघरापासूनचा मार्ग त्या दोघांनीच आखला होता. तरीही ठिपक्यांची जाळी प्रथम ज्यांच्या पडद्यावर उमटली ते विद्यार्थी होते आणि तीन नावांच्या चौकटीत त्यांना जागा नव्हती.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी पारितोषिकाची घोषणा झाली तेव्हा एडवर्ड म्युनिककडे जाणाऱ्या विमानात होते. विमान उतरल्यावरच त्यांना बातमी समजली. मे-ब्रिट त्या वेळी ट्रॉन्डहाइममध्ये सहकाऱ्यांबरोबरच्या बैठकीत होत्या.

नंतरचे संशोधन आणि बदललेले मनुष्यबळ

ग्रिड पेशींनंतर याच गटातून दिशा व जागा यांची एकत्र नोंद ठेवणाऱ्या पेशी (२००६), भिंतीजवळ सक्रिय होणाऱ्या सीमा पेशी (२००८) आणि धावण्याचा वेग नोंदवणाऱ्या पेशी (२०१५) यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ग्रिड पेशी ठरावीक अंतरांच्या मोजक्या गटांत विभागलेल्या असतात, असे २०१२ मध्ये दिसून आले. या अभ्यासांना वैद्यकीय पार्श्वभूमीही आहे. अल्झायमर रोगात सर्वांत आधी झिजणाऱ्या भागांमध्ये एन्टोरायनल कॉर्टेक्सचा समावेश होतो आणि ओळखीच्या वाटेवर हरवणे हे या रोगाचे एक सुरुवातीचे लक्षण आहे. असे असले तरी ग्रिड पेशींच्या ज्ञानातून अद्याप कोणताही उपचार निघालेला नाही.

दरम्यान उपकरणे बदलली आणि त्यांच्यासोबत माणसेही. टेट्रोडच्या जागी आलेल्या न्यूरोपिक्सेल्स या सिलिकॉनच्या सुईवर ९६० नोंदबिंदू असतात आणि त्यांपैकी ३८४ एका वेळी वापरता येतात. एका उंदरातून शेकडो पेशींच्या नोंदी एकाच वेळी मिळू लागल्यावर हाताने पुंजके आखणे अशक्य झाले. प्रयोगशाळेत गणिती आणि संगणकतज्ज्ञांचे प्रमाण वाढले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रिड पेशींच्या एकत्रित हालचालीचा आकार गणिताच्या भाषेत टोरस, म्हणजे मेदूवड्यासारखा, असल्याचे दाखवण्यात आले. त्या कामात संस्थिती या गणितशाखेतील तज्ज्ञ सहलेखक होते. त्याच वर्षी वेइजियान झोंग प्रथम लेखक असलेल्या निबंधात ३ ग्रॅमपेक्षा हलका, मोकळ्या फिरणाऱ्या लहान उंदराच्या डोक्यावर बसणारा सूक्ष्मदर्शक सादर झाला. त्यामागे भिंगांचे शास्त्र जाणणाऱ्यांचे काम होते.

माजी सदस्य

प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या अनेकांनी अन्यत्र स्वतःचे गट उभारले. फीन आणि हाफ्टिंग ऑस्लो विद्यापीठात गेले. स्टेफान आणि जिल लॉइटगेब यांनी कॅलिफोर्नियातील सान दिएगो येथे, फ्रांचेस्का सार्गोलिनी यांनी फ्रान्समधील मार्सेय येथे, तर एमिलिओ क्रॉफ यांनी अर्जेंटिनातील बुएनोस आइरेस येथे काम सुरू केले. अशा प्रत्येक गटाबरोबर टेट्रोड वळण्याची, स्क्रू फिरवण्याची आणि काप वाचण्याची ट्रॉन्डहाइमची पद्धतही तिकडे गेली.